थोरांच्या पंगतीत ओपेथचं पान

२२ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये ग्रॅमी पारितोषिकांचा सोहळा रंगला होता. हार्ड रॉक आणि मेटल या संगीताला स्वतःचं पारितोषिक मिळण्याची ती पहिलीच वेळ. मेटॅलिकाने त्याच सोहळ्यात ‘वन’ वाजवलं होतं आणि बक्षीस त्यांचंच, अशी बहुतेकांची खात्री होती. अॅलिस कूपरने पाकीट उघडून नाव वाचलं: जेथ्रो टल. म्हणजे एका पायावर उभं राहून बासरी वाजवणाऱ्या इयन अँडरसनचा बँड! लोक हसले, काहींनी हुर्यो उडवली. बक्षीस घ्यायला टलचं कोणी हजरही नव्हतं; आपल्याला काही मिळत नाही, येण्याची तसदी घेऊ नका, असं त्यांच्याच कंपनीने सांगून ठेवलं होतं. पुढल्या वर्षी ग्रॅमीवाल्यांनी गुपचूप हार्ड रॉक आणि मेटल अशी दोन वेगळी पारितोषिकं केली आणि मेटॅलिकाला मेटलचं देऊन टाकलं.

या फजितीला पस्तीस वर्षांनी एक गमतीदार जोड मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॉकहोमच्या ओपेथ या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा चौदावा अल्बम ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला. त्यात बासरी होती इयन अँडरसनचीच, आणि निवेदनाला आवाजही त्याचाच. गुरगुरत्या गळ्याच्या शेजारी ती बासरी अशी बसली, की तिथे तिचं काय काम, हे विचारायची सोय राहिली नाही. ओपेथला थोरांच्या पंगतीत पान मांडायचं की नाही, हा वाद मात्र तेव्हाही चालूच होता. तो बराच जुना आहे. तो समजून घ्यायचा तर ही पंगत मुळात कोणी बसवली आणि वाढपी कोण होते, ते आधी पाहायला हवं.

रॉकमध्ये श्रेष्ठ कोण हे ठरवण्याची रीत नियतकालिकांनी पाडली. लंडनचं ‘मेलडी मेकर’ साप्ताहिक दरवर्षी वाचकांचा कौल घेई आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यात येस, इमर्सन लेक अँड पामर अशी प्रोग्रेसिव्ह रॉकची मंडळी वरच्या जागा पटकावत. समीक्षकांचं मत निराळं होतं. अमेरिकेतला लेस्टर बँग्ज हा त्यातला सर्वांत तिखट लेखणीचा. १९७० मध्ये त्याने ‘रोलिंग स्टोन’मध्ये ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमची सालटी काढली. चार वर्षांनी ‘क्रीम’ मासिकात त्याने इमर्सन लेक अँड पामरला असंच सोलून काढलं. सॅबथबद्दलचं मत त्याने दरम्यान बदललं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तरी प्रोग्रेसिव्ह मेटल मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या ज्या दोन घराण्यांच्या सोयरिकीतून जन्मलं, त्या दोन्हींना एकाच माणसाने दारातून परत पाठवलं होतं, हा योगायोग विसरण्यासारखा नाही. एकाला अडाणी म्हणून, दुसऱ्याला शिष्ट म्हणून.

१९७६-७७ मध्ये पंक आलं आणि लांब रचना, बदलते ताल, कीबोर्डांचे डोंगर या सगळ्याला ‘जुनं खोड’ ठरवण्यात आलं. पुढे श्रेष्ठांच्या याद्या करणारे संपादक याच वातावरणात घडले. १९८३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ही संस्था निघाली, तिचे पहिले मानकरी १९८६ मध्ये जाहीर झाले. पहिल्या ध्वनिमुद्रणाला २५ वर्षं झाली की कलाकार पात्र, असा तिचा नियम. त्या नियमाने नव्वदच्या दशकाच्या मध्यालाच पात्र झालेल्या ब्लॅक सॅबथला २००६ पर्यंत ताटकळावं लागलं. मध्येच ऑझी ऑस्बोर्नने वैतागून आमचं नाव काढून टाका म्हणून कळवलं होतं. रश या बँडला २०१३ मध्ये आत घेतलं, तेव्हा गिटारवादक अॅलेक्स लाइफसनने आभाराच्या भाषणात दोन मिनिटांहून जास्त वेळ नुसतं ‘ब्ला ब्ला ब्ला’ केलं. चौदा वर्षं वाट पाहायला लावणाऱ्यांना याहून नेमकं उत्तर नसेल. येसचा नंबर २०१७ मध्ये लागला. त्यांचा बेसवादक ख्रिस स्क्वायर दोन वर्षांपूर्वीच वारला होता. आणि ज्यांच्या १९६९ च्या पहिल्याच अल्बममधल्या ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ने पुढच्या साऱ्या प्रोग्रेसिव्ह मेटलला वाट दाखवली, ते किंग क्रिम्सन २०२५ पर्यंत तरी बाहेरच होते.

याचा एक परिणाम झाला. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये थोर कोण, याचा निवाडा समीक्षकांच्या दरबारात झालाच नाही. तो श्रोत्यांनीच एकमेकांत भांडून केला. आणि श्रोते स्वतःच निम्मे गिटारवाले असल्यामुळे मोजमापं ठरली ती हाताच्या वेगाची, मात्रांच्या हिशोबाची, गाण्याच्या लांबीची.

या मोजमापांना साजेसे बँड अमेरिकेत निघाले. कनेटिकटचं फेट्स वॉर्निंग, टेक्ससचं वॉचटॉवर, वॉशिंग्टन राज्यातलं क्वीन्सराइक. क्वीन्सराइकचा १९८८ चा ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’ म्हणजे अख्ख्या अल्बमभर एक कथा. मग आलं ड्रीम थिएटर. १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या जॉन पेट्रुची, जॉन म्युंग आणि माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी हा बँड काढला, तेव्हा त्याचं नाव मॅजेस्टी होतं. १९९२ मधल्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधलं आठ मिनिटांचं ‘पुल मी अंडर’ चक्क एमटीव्हीवर चाललं. पुन्हा तसा लोकप्रिय योग त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि त्यांनीही २००८ मधल्या निवडक गाण्यांच्या संग्रहाला ‘ग्रेटेस्ट हिट’ असं एकवचनी नाव देऊन स्वतःची टिंगल करून घेतली. ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ म्हटलं की आजही पहिल्यांदा हेच नाव निघतं. ताना, तिहाया, सवाल-जवाब ऐकण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या कानाला त्यांची तयारी लगेच भावते. पण तयारी आणि रचना या दोन गोष्टी आहेत. ड्रीम थिएटरच्या बऱ्याच गाण्यांत पाच जणांनी आपापला पाठ म्हणून दाखवावा, तसं होतं.

स्टॉकहोममध्ये गोष्ट वेगळ्या बाजूने सुरू झाली.

स्वीडनमधून इतके बँड कसे निघतात, याची उत्तरं लोक थंडीत आणि अंधारात शोधतात. त्यापेक्षा तिथल्या नगरपालिकांच्या संगीतशाळा पाहाव्यात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या गावोगाव पसरल्या आणि सामान्य घरातल्या मुलाच्या हातात वाद्य आलं. त्याच्या जोडीला प्रौढशिक्षणाच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्था. त्यांतली कामगार चळवळीशी जोडलेली ‘एबीएफ’ तर १९१२ पासूनची. चार पोरांनी अभ्यासमंडळ म्हणून नाव नोंदवलं की सरावाला खोली आणि थोडाफार खर्च मिळायचा. मंडळ कशाचा अभ्यास करतं, याची फार चौकशी होत नसे. अशा खोल्यांमधून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोमचं डेथ मेटल बाहेर पडलं. टोमास स्कूग्सबेर्गच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड या बँडने ध्वनिमुद्रित केलेला ‘लेफ्ट हँड पाथ’ १९९० मध्ये आला. बॉस कंपनीच्या ‘एचएम-२’ या स्वस्त गिटार-पेडलची सगळी बटणं शेवटपर्यंत पिळून काढलेला तो करवतीसारखा आवाज या शहराची ओळख ठरला.

ओपेथ याच पोरांमधलं, याच साली निघालेलं. डेव्हिड इस्बेर्ग या गायकाने ते काढलं. नाव उचललं विल्बर स्मिथच्या ‘द सनबर्ड’ या १९७२ च्या कादंबरीतल्या एका कल्पित प्राचीन नगरावरून, एक अक्षर वाढवून. इस्बेर्गने आपल्या मित्राला, मिकाएल ओकरफेल्टला, बेस वाजवायला बोलावलं. पण हे बाकीच्यांना सांगायला तो विसरला की टाळलं, कोण जाणे. बाकीचे भडकले आणि सोडून गेले. बँडमध्ये दोघंच उरले. १९९२ मध्ये इस्बेर्गही गेला, आणि १९७४ मध्ये जन्मलेल्या ओकरफेल्टच्या गळ्यात, अक्षरशः, बँड पडला. गिटारवर पेटर लिंडग्रेन जोडीला होता. तीन दशकांनंतरही ओपेथ म्हणजे ओकरफेल्ट, हे समीकरण कायम आहे.

या मुलाला एक व्यसन होतं, जुन्या तबकड्यांचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लोक सीडीकडे वळले आणि सत्तरच्या दशकातल्या एलपी कवडीमोलाने बाहेर पडू लागल्या. ओकरफेल्टने त्या गोळा केल्या, नुसत्या प्रसिद्ध बँडांच्याच नव्हे, विस्मृतीत गेलेल्यांच्याही. त्याच्या गाण्यांची नुसती शीर्षकं वाचली तरी हा संग्रह दिसतो. १९९८ च्या ‘माय आर्म्स, युअर हर्स’ या अल्बमचं नाव कोमस या ब्रिटिश फोक बँडच्या १९७१ मधल्या गाण्यातून घेतलेलं. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हे नाव सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन बँडचं, ज्याने जेमतेम एक अल्बम काढला. ‘मास्टर्स अॅप्रेंटिसेस’ हा ऑस्ट्रेलियातला बँड, ‘गॉब्लिन’ इटलीतला. २०१० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये विसाव्या वर्षाचा कार्यक्रम झाला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचं मुखपृष्ठ त्यांनी डीप पर्पलच्या १९६९ मधल्या त्याच सभागृहातल्या ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’च्या मुखपृष्ठाबरहुकूम केलं. आपले थोर कोण आणि आपण कोणाच्या शेजारी बसू इच्छितो, हे या माणसाने स्वतःच वर्षानुवर्षं जाहीर केलं आहे. इतरांची भांडणं त्यानंतरची.

पहिला अल्बम ‘ऑर्किड’ १९९५ मध्ये आला. फिनस्पोंग गावात डॅन स्वानोच्या युनिसाउंड स्टुडिओत तो झाला. पुढच्या वर्षीचा ‘मॉर्निंगराइज’ पाच गाण्यांचा आणि तासाहून लांब. त्यातलं ‘ब्लॅक रोझ इम्मॉर्टल’ एकटं वीस मिनिटांचं. हे दोन्ही अल्बम आज भक्तिभावाने ऐकले जातात. खरं सांगायचं तर त्यांत सांधे दिसतात. एक छान कल्पना संपते, गाणं क्षणभर थांबतं, दुसरी छान कल्पना सुरू होते. एकीचं दुसरीशी नातं काय, हे संगीतकार सांगत नाही. विशी-एकविशीच्या मुलाजवळ सांगण्यासारखं खूप होतं आणि कुठे थांबावं याचं भान अजून यायचं होतं.

ते आलं १९९८ मध्ये. त्याआधीच ड्रमवर मार्टिन लोपेझ आला होता, बेसवर मार्टिन मेंडेझ; दोघांचीही मुळं उरुग्वेतली. मेंडेझ इतक्या उशिरा आला, की ‘माय आर्म्स, युअर हर्स’मधला बेस ओकरफेल्टलाच वाजवावा लागला. लोपेझचा हात मेटलच्या सरधोपट धबडग्यात रमणारा नव्हता. ठोक्यांच्या मधल्या जागेत तो खेळायचा. ‘स्टिल लाइफ’ हा १९९९ चा अल्बम ऐकताना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. श्रद्धा नाही म्हणून गावाबाहेर काढलेला एक माणूस पंधरा वर्षांनी आपल्या मेलिंडासाठी परत येतो, अशी त्याची कथा. शेवट गोड नाही, हे सांगायला नको.

या अल्बमची प्रत एका पत्रकारामार्फत पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनपर्यंत पोहोचली. विल्सन मेटल ऐकणं केव्हाच सोडून बसलेला इंग्रज. त्याला हे आवडलं आणि त्याने पुढचा अल्बम करायला होकार दिला. गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये २००० च्या उत्तरार्धात काम झालं आणि मार्च २००१ मध्ये ‘ब्लॅकवॉटर पार्क’ आला. ओपेथला थोर म्हणणाऱ्यांचा मुख्य पुरावा हाच.

त्यात नवं काय होतं? मेटलमध्ये हळुवार वाजवणं १९८४ पासून मेटॅलिकाच्या श्रोत्यांनाही ठाऊक होतं. पण तिथे ते बहुधा वादळाआधीची शांतता म्हणून येई. जड भाग यायचा होता म्हणून हलका भाग. ओपेथमध्ये दोन्हींचा दर्जा सारखा झाला. ‘द ड्रेपरी फॉल्स’ जवळपास अकरा मिनिटांचं. त्यात जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत ओकरफेल्टचा स्वच्छ, किंचित थकलेला आवाज असतो, आणि मग त्याच गळ्यातून गुरगुर येते. ती ऐकताना दुसरा माणूस बोलायला लागला असं वाटत नाही. त्याच माणसाला आता वेगळ्या सुरात बोलणं भाग पडलंय, असं वाटतं. चालीचा धागा तुटत नाही. विल्सनने आवाजाच्या थरांवर, कोरसवर, कीबोर्डच्या पुसट रंगांवर जी मेहनत घेतली, तिने सांधे बुजवले. यानंतर ओपेथ पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं.

मग २००२ च्या नोव्हेंबरात ‘डेलिव्हरन्स’ आणि २००३ च्या एप्रिलमध्ये ‘डॅम्नेशन’. दोन्ही एकत्रच ध्वनिमुद्रित झाले. ओकरफेल्टला ती जोडी म्हणूनच हवी होती, पण कंपनीने ते काही महिन्यांच्या अंतराने बाजारात आणले. पहिला त्यांच्या सर्वांत कठोर अल्बमांपैकी; त्याच्या शीर्षकगीताच्या शेवटी एकच आडवातिडवा ठेका काही मिनिटं नुसता घोटला आहे, आणि ऐकणाऱ्याचा हात मांडीवर ताल धरायला जातो तो दरवेळी चुकतो. दुसऱ्यात एकही गुरगुर नाही. मेलोट्रॉन या कीबोर्डचे जुनाट स्वर, हलकी गिटार, संथ गायन. डेथ मेटलच्या बँडने असा अल्बम काढणं त्या काळी व्यापारीदृष्ट्या वेडेपणाच होता. ‘डेलिव्हरन्स’ला हार्ड रॉकसाठीचं स्वीडनचं ग्रॅमिस पारितोषिक मिळालं. ‘घोस्ट रेव्हरीज’ हा २००५ चा अल्बम मोठ्या रोडरनर कंपनीकडून आला, तेव्हा ‘विकले गेले’ अशी ओरड झाली. अल्बम ऐकल्यावर ती विरली.

इथवरचा, १९९८ ते २००५ हा आठ वर्षांचा काळ ओपेथच्या विरोधकांनाही सहसा नाकारता येत नाही. भांडण लागतं ते पुढच्यावर. लोपेझ २००६ मध्ये आणि लिंडग्रेन २००७ मध्ये बाहेर पडला. मार्टिन अॅक्सेनरॉट आणि फ्रेड्रिक ओकेसन यांना घेऊन २००८ चा ‘वॉटरशेड’ झाला. आणि सप्टेंबर २०११ मध्ये ‘हेरिटेज’ने बॉम्ब टाकला. गुरगुर पूर्ण बंद. ज्या स्टॉकहोमच्या स्टुडिओत आबाने ‘वॉटरलू’ केलं होतं, तिथे बसून सत्तरच्या दशकातल्या आवाजाचा अल्बम. मुखपृष्ठावर एक झाड, फांद्यांना फळांऐवजी बँडमधल्यांची डोकी, कीबोर्डवादक पेर विबेर्ग सोडून चालला होता म्हणून त्याचं डोकं गळून पडताना, आणि मुळांशी जुन्या सदस्यांच्या कवट्या. दौऱ्यातही सुरुवातीला गुरगुरीची गाणी वगळली गेली आणि तिकीट काढून आलेले लोक जागच्या जागी चिडले. २०१४, २०१६ आणि २०१९ चे अल्बमही याच वाटेने गेले. शेवटच्याची तर स्वीडिश आणि इंग्रजी अशी दोन रूपं निघाली. गुरगुर परत आली ती थेट २०२४ मध्ये, ड्रमवर वाल्टेरी व्हायरुनेन हा तरुण फिनलंडकर आल्यानंतर.

विरोधकांचा आक्षेप इथे वजनदार आहे. ते म्हणतात, १९६९ मध्ये किंग क्रिम्सन जे करत होतं ते १९६९ मध्ये कोणी केलेलं नव्हतं. ओपेथने २०११ मध्ये जे केलं ते चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. मग ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुढे जाणारं हे बिरुद कोणत्या तोंडाने लावायचं? २०१४ च्या ‘पेल कम्युनियन’मधली काही गाणी उत्तम आहेत, २०१६ च्या ‘सॉर्सरेस’मधली बरीच नाहीत, आणि या काळातल्या ओपेथला रसिक संग्राहकाचा बँड म्हटलं तर रागावण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप तुलनेचा. ‘ब्लॅकवॉटर पार्क’नंतर दोनच महिन्यांनी, मे २००१ मध्ये, टूल या बँडचा ‘लॅटरॅलस’ आला आणि थेट अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसला. पुढचे दोन अल्बमही तिथेच पोहोचले. टूलला ग्रॅमीही मिळाले. लोकप्रियता आणि प्रयोग एकत्र नांदवण्यात त्यांची बरोबरी कोणी केली नाही. तिसरा आक्षेप प्रभावाचा. स्टॉकहोमपासून बरंच उत्तरेला उमेओ नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १९८७ मध्ये मेशुगा हा बँड निघाला. आठ तारांच्या गिटारी, चार मात्रांच्या चौकटीवरून घसरत जाणारे आणि शेवटी अचूक समेवर येणारे विषम तुकडे, हे त्यांचं देणं. त्यातून जेंट नावाचा अख्खा पंथ उभा राहिला: इंग्लंडचं टेसरॅक्ट, अमेरिकेची पेरिफेरी आणि अॅनिमल्स अॅज लीडर्स. ओपेथचा असा पंथ दिसत नाही.

या तीन आक्षेपांत पहिलाच खरा अवघड आहे. विक्रीचं मोजमाप लावलं तर किंग क्रिम्सनही गळतं, तेव्हा ते बाजूला ठेवलेलं बरं. प्रभावाचं म्हणाल तर मेशुगाची नक्कल होऊ शकते, कारण ती तंत्राची नक्कल आहे. ठेका मोजता येतो, गिटारची तार विकत मिळते. ओपेथची नक्कल करायची तर चाल सुचावी लागते.

भारतात हा वाद पोहोचला तो बहुतेक संगणकावरून उतरवलेल्या आणि मित्रांत फिरलेल्या फायलींमधून. मुंबईत १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा. अलाहाबादहून १९९३ मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघालं. पण परदेशी बँड आणायचा तर खर्च कोण करणार? ते जमवलं महाविद्यालयांच्या महोत्सवांनी. आयआयटी मद्रासच्या ‘सारंग’मध्ये २००९ साली ओपेथ वाजलं. त्याच वर्षअखेरीस पवईला आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’मध्ये विल्सनचं पॉर्क्युपाइन ट्री आलं. २०१६ मध्ये विल्सन पुण्याच्या ‘एनएच-७ वीकेंडर’लाही येऊन गेला. त्यामुळे मराठी घरातल्या एका पिढीसाठी ही नावं परकी राहिलेली नाहीत. डोंबिवली-पुण्याच्या कितीतरी खोल्यांत ‘टूल की ओपेथ’ यावर चहाचे कप गार झाले आहेत.

तर मग पान मांडायचं का? ब्लॅक सॅबथ आणि किंग क्रिम्सन यांच्या रांगेत नाही. त्यांनी भाषाच घडवली. ओपेथने ती शिकून त्यात लिहिलं. पण त्यामागच्या रांगेत, रशच्या शेजारी आणि ड्रीम थिएटरच्या बरंच वर, त्यांची जागा पक्की आहे, आणि ती ‘हेरिटेज’नंतरच्या दशकाने डळमळत नाही. थोरांमध्ये गणना होण्यासाठी आयुष्यभर थोर राहावं लागतं, असा नियम लावला तर सॅबथच्याही ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच तबकड्या पुरून टाकाव्या लागतील. हॉल ऑफ फेमच्या पंचवीस वर्षांच्या नियमाने ओपेथ २०२० मध्येच पात्र झालं. तिथून बोलावणं येईल, असं मात्र कोणी समजू नये.

ज्यांना हा निवाडा मान्य नाही, त्यांनी ‘ब्लॅकवॉटर पार्क’ तूर्त बाजूला ठेवावा. त्याची स्तुती ऐकून ऐकून कान किटले असतील. ‘डेलिव्हरन्स’ आणि ‘डॅम्नेशन’ एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐकावेत. पावणेदोन तासांचं काम आहे. मग खुशाल भांडायला यावं.